पैसा इथेच, माणूस तिकडे

कामशेतहून सकाळची लोकल पकडली की पाऊण-एक तासात दापोडी येतं. बसायला जागा मिळालेली मंडळी तोवर डुलक्या काढत असतात आणि उभी असलेली मंडळी दाराकडे कसं सरकायचं या हिशोबात असतात, त्यामुळे दापोडीकडे बघायला कुणाला वेळ नसतो. तर या दापोडीत लष्कराचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे, आपलं सीएमई. १९६५ साली नायजेरियाच्या सैन्यातला एक तरुण इंजिनिअर अधिकारी भारतात शिकायला आला होता. आधी वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, मग पुण्यात लष्करी इंजिनिअरिंग. जानेवारी १९६६ मध्ये तो मायदेशी परतला तर तिथे लष्करी उठाव चालू! पुढे १९७६ ते १९७९ तो देशाचा लष्करी प्रमुख होता, मग निवडणूक घेऊन त्याने सत्ता सोडली, नंतरच्या हुकूमशहाच्या तुरुंगात बसला, आणि १९९९ मध्ये निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला. ओलुसेगुन ओबासांजो. २६ जानेवारी २००० च्या संचलनाला आपले प्रमुख पाहुणे हेच होते.

ही माहिती वाचल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो अगदी आयटीवाल्याचा. ठीक आहे, पण यातून आपल्याला मिळालं काय? प्रोजेक्टवर पैसा लावला की रिटर्न किती हे विचारायची सवयच लागलेली असते. मग दोन-तीन वीकेंड याच्यामागे लागलो.

याच लाईनच्या दुसऱ्या टोकाला, लोणावळ्याला, आयएनएस शिवाजी आहे. १९४५ पासून तिथे नौदलाचे इंजिनिअर तयार होतात, आणि आपल्या नौसैनिकांबरोबर मित्रदेशांचे नौसैनिकही शिकतात. (कैवल्यधाममध्ये दिसणारे गोरे वेगळे. ते स्वतःच्या खिशातून पैसे भरून येतात, श्वास आत घेतात, बाहेर सोडतात आणि घरी जातात :) ) पुण्याच्या पलीकडे खडकवासल्याला एनडीए. तिथेही परदेशी कॅडेट. शिवाय पुणे विद्यापीठ आणि त्याच्या कॉलेजांत शिष्यवृत्तीवर आलेली परदेशी मुलं. म्हणजे आपण रोज ज्या पट्ट्यात जा-ये करतो तो भारताच्या परदेशी मदतीचा एक मोठा कारखानाच आहे म्हणा ना.

'परदेशी मदत' म्हटलं की आपल्या घरात आठवण निघते ती मिलोची. अमेरिकेहून आलेली ती तांबडी ज्वारी, जिच्या भाकरीला आजीच्या पिढीने अजून माफ केलेलं नाही. मदत म्हणजे जहाजातून आलेलं धान्य, नाहीतर धरण, नाहीतर कर्ज. माणसाला शिकवणं ही मदत आहे हे पटकन डोक्यात येत नाही. पण सरकारं हा धंदा फार पूर्वीपासून करत आली आहेत. अमेरिकेने १९४६ मध्ये फुलब्राइट सुरू केली, तीही युद्धात उरलेलं सामान परदेशात विकून आलेल्या पैशातून. जानेवारी १९५० मध्ये राष्ट्रकुलातल्या देशांनी कोलंबोत बसून कोलंबो योजना आखली. सोव्हिएत युनियनने १९६० मध्ये आशिया-आफ्रिकेतल्या मुलांसाठी मॉस्कोत एक अख्खं विद्यापीठच काढलं आणि पुढच्या वर्षी त्याला पॅट्रिस लुमुंबांचं नाव दिलं.

आपणही या रांगेत घेणारे म्हणून उभे होतो. १९५१ मध्ये अमेरिकेने गव्हासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्या कायद्यात एक गमतीशीर कलम होतं. भारत जे व्याज भरेल त्यातले ५० लाख डॉलरपर्यंत भारतीयांच्या अमेरिकेतल्या शिक्षणावर, देवाणघेवाणीवर आणि आपल्या विद्यापीठांना पुस्तकं देण्यावर खर्च करायचे. म्हणजे गहू आपण खाल्ला, व्याज आपण भरलं, आणि त्या व्याजातून आपलीच माणसं अमेरिकेला शिकून आली. आणखी जवळचं उदाहरण पवईचं. आयआयटी मुंबई १९५८ मध्ये सुरू झाली ती युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीवर. १९५६ ते १९७३ या काळात ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ तिकडून आले. यंत्रसामग्री आली. आणि इथल्या प्राध्यापकांना सोव्हिएत युनियनमध्ये जाऊन शिकण्यासाठी २७ फेलोशिप मिळाल्या.

सत्तावीस! आमच्या ऑफिसातल्या एका टीममध्ये याहून जास्त माणसं असतात. त्या सत्तावीस जणांनी पुढे किती बॅचेस शिकवल्या, त्यातले किती जण इतर कॉलेजांत शिकवायला गेले याचा हिशोब करायला बसलात तर एक्सेलही हात टेकेल. आणि त्यांनी शिकवलेली मुलं कुठे गेली? ढीगभर मुलं थेट अमेरिकेला गेली. शीतयुद्धाच्या ऐन भरात मॉस्कोने पैसे खर्च केले आणि फायदा झाला कॅलिफोर्नियाचा. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला जास्त चकित केलं ते दुसऱ्या बाजूने. भारत देणारा कधी झाला? मी समजत होतो की उदारीकरणानंतर चार पैसे हातात आले तेव्हा. तर तसं अजिबात नाही. १९४९ मध्येच, म्हणजे पुणे विद्यापीठ सुरू झालं त्याच साली, नेहरू सरकारने आशिया आणि आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक शिष्यवृत्तीची योजना काढली. १९५० मध्ये मौलाना आझादांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, स्थापन केली. १५ सप्टेंबर १९६४ ला आयटेक योजना आली, तिच्यात विमानाचं तिकीट, राहणं, फी, हातखर्च सगळं भारत सरकारचं. लष्करी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रमही त्यात आले. कोलंबो योजनेत तर आपण एकाच वेळी घेणारेही होतो आणि नेपाळसारख्या शेजाऱ्यांना देणारेही.

आता साल बघा. ओबासांजो इथे आले ते १९६५. पाऊस रुसला होता. पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, भारताने जवळपास १ कोटी टन धान्य बाहेरून आणलं. भारतात पाहिलेल्या भुकेने त्या तरुण अधिकाऱ्याला हादरवून टाकलं होतं असं त्यांच्या चरित्रात येतं. ज्या देशात रेशनच्या रांगा होत्या तो देश दुसऱ्यांच्या अधिकाऱ्यांना पूल कसे बांधायचे ते शिकवत होता. कुणाला हा मोठेपणाचा सोस वाटेल. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे त्या वेळी देण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. गहू नव्हता, डॉलर नव्हते. चांगले मास्तर आणि वर्गातली दोन रिकामी बाकं तेवढी होती.

खडकवासल्याची गोष्ट तर याहून जुनी आहे आणि उलट्या दिशेची आहे. एनडीएची मुख्य इमारत, ती घुमटाची, जिचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत, तिचं नाव सुदान ब्लॉक. पुण्यात सुदान कुठून आला? दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत इटलीशी लढायला भारतीय पलटणी गेल्या होत्या. १९४१ च्या केरनच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. या लढाईने सुदानवरचा धोका टळला. तिथल्या सरकारने कृतज्ञता म्हणून भारतीय सैनिकांच्या स्मारकासाठी १ लाख पौंड दिले. पुढे फाळणी झाली आणि सतरंज्या-टेबलांबरोबर या देणगीचीही वाटणी झाली. भारताच्या वाट्याला ७० हजार पौंड आले. त्यातून स्मारक म्हणून पुतळा न उभारता शाळा उभारायचं ठरलं. ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंनी एनडीएची कोनशिला बसवली, १९५५ च्या जानेवारीत संस्थेचं औपचारिक उद्घाटन झालं, आणि सुदान ब्लॉकचं उद्घाटन १९५९ मध्ये सुदानच्या राजदूतांच्या हस्ते.

इथे एक खोच आहे. १९४१ चं 'सुदान सरकार' म्हणजे ब्रिटिश अधिकारी. नावाला इजिप्तबरोबरची भागीदारी, कारभार इंग्रजांचा. सुदान स्वतंत्र झाला १ जानेवारी १९५६ ला. म्हणजे पैसा सुदानी जनतेचा आणि सही इंग्रजाची. तिकडे लढून मेलेल्या आपल्या जवानांनाही कुणी विचारलं नव्हतं. एका गुलाम देशाच्या तिजोरीतून दुसऱ्या गुलाम देशाच्या सैनिकांना दिलेली ती भेट. पण दोन्ही देशांनी स्वातंत्र्यानंतर ती आपली मानली, हे मला आवडतं. मधल्या काळात, १९५३ मध्ये, सुदानची पहिली निवडणूक पार पाडायला आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन गेले होते. आणि नंतर वर्षानुवर्षं सुदानी मुलं पुण्यात शिकायला येत राहिली, काही शिष्यवृत्तीवर, बरीचशी स्वतःच्या पैशाने. कोंढव्यापासून कॅम्पापर्यंत ज्यांनी घरं भाड्याने दिली आहेत त्यांना विचारा.

असो. तर रिटर्नचा मुद्दा.

या सगळ्या योजनांच्या मागे सरकारं एक गणित मांडतात. आज शिकवलेला मुलगा उद्या तिकडे मंत्री होईल आणि आपल्याला लक्षात ठेवेल. ओबासांजोंचं उदाहरण दिलं की हे गणित फार गोड दिसतं. हमीद करझाई शिमल्याला एम.ए. करून गेले आणि अफगाणिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेही गोड. पण याच यादीतली दुसरी नावं बघा. नेपाळचे बाबुराम भट्टराई कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर चंदीगडला आर्किटेक्चर शिकले, मग दिल्ली, मग जेएनयूतून १९८६ मध्ये पीएचडी. १९९६ मध्ये माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं त्याआधी नेपाळ सरकारला ज्या ४० मागण्या दिल्या गेल्या त्या यांच्याच सहीच्या, आणि यादीतल्या पहिल्या काही मागण्या भारताच्या विरोधात होत्या. पुढे २०११ मध्ये ते पंतप्रधान झाले. किंवा शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डेहराडूनच्या आयएमएमध्ये शिकलेला अफगाण कॅडेट, जो २०२१ मध्ये तालिबान सरकारचा उप-परराष्ट्रमंत्री झाला.

धरण बांधून दिलं तर ते धरणच राहतं. त्याच्यात पाणीच साठतं. शिकवलेला माणूस मात्र आपलं डोकं वापरायला लागतो, आणि कुठे वापरेल हे फी भरणाऱ्याला ठरवता येत नाही. मुळात शिक्षण म्हणजे तेच ना?

आता थोडी आकडेमोड. आयसीसीआरचे अलीकडचे दर पाहिले तर पदवीच्या विद्यार्थ्याला महिना १८ हजार, पदव्युत्तरला २० हजार, पीएचडीला २२ हजार आणि मोठ्या शहरात घरभाड्याला साडेसहा हजार. पदवीचा मुलगा धरा. २४,५०० गुणिले बारा म्हणजे वर्षाला २ लाख ९४ हजार. तीन वर्षांचे ८ लाख ८२ हजार, फी वेगळी. अफगाणिस्तानसाठीची खास योजना २००५ च्या सुमारास सुरू झाली आणि नंतर वर्षाला १००० जागांपर्यंत गेली. १००० मुलांच्या एका तुकडीचा तीन वर्षांचा हातखर्च नि भाडं झालं ८८ कोटींच्या आसपास. आपण हेरातजवळ बांधून दिलेलं सलमा धरण, ज्याचं उद्घाटन २०१६ मध्ये झालं, त्याचा खर्च साधारण १,७७५ कोटी. म्हणजे एका धरणाच्या पैशात अशा वीस तुकड्या. ढोबळ आहे, पण अंदाज येतो.

आणि गंमत म्हणजे हे ८८ कोटी जातात कुठे? काबूलला नाही. ते जातात पुण्यातल्या घरमालकाला, मेसवाल्या काकूंना, झेरॉक्सवाल्याला, पीएमटीला. (पीएमपी म्हणायचं, माहीत आहे.) जगात ज्याला परदेशी मदत म्हणून मोजलं जातं त्यातला हा एक वादाचा मुद्दाच आहे. श्रीमंत देणगीदार देशांच्या क्लबात, ओईसीडीच्या समितीत, जर्मनी-फ्रान्ससारखे देश आपल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या गरीब देशांतल्या मुलांचा खर्च 'मदत' म्हणून दाखवतात. पैसा देशाबाहेर एक पैही जात नाही, पण मदतीच्या आकड्यात तो दिसतो. भारत त्या क्लबात नाही, पण गणित तेच.

अर्थात एक पैही जात नाही हे तितकंसं खरं नाही. माझ्या कॉलेजात एक अफगाण मुलगा होता, याच शिष्यवृत्तीवर आलेला. २०१६ च्या पावसाळ्यात आम्ही सात-आठ जण लोकलने कामशेतला उतरून बेडसे लेण्यांना गेलो होतो, तोही होता. वर चढून दम खात बसलो असताना त्याने सहज सांगितलं की तो दर महिन्याला शिष्यवृत्तीतले तीन-चार हजार वाचवून घरी पाठवतो. तिघांच्या फ्लॅटमध्ये पाच जण राहून. धाकट्या बहिणीच्या इंग्रजीच्या क्लासची फी त्यातून जायची. मला हे तेव्हा फारसं काही वाटलं नाही, आम्ही सगळे भज्यांच्या विचारात होतो. पण आता वाटतं, भारत सरकारच्या कुठल्याही फाईलमध्ये नसलेली ही दुसरी शिष्यवृत्ती होती. पुण्यातून निघून काबूलला पोचलेली खरी परदेशी मदत ती तेवढीच.

तो २०१८ मध्ये परत गेला आणि तिथल्या एका सरकारी खात्यात सॉफ्टवेअरचं काम करायला लागला. योजनेच्या कागदावर जे लिहिलेलं असतं अगदी तसंच. १५ ऑगस्ट २०२१ ला आपण झेंडावंदन करून घरी आलो त्या दिवशी काबूल पडलं. भारताने २००१ नंतर तिथे सुमारे ३ अब्ज डॉलर गुंतवले होते. झरंज ते देलाराम २१८ किलोमीटरचा रस्ता, संसदेची इमारत, सलमा धरण. ते सगळं जागेवरच राहिलं. रस्त्याला कोण चालवतंय याने फरक पडत नाही. माणसांना पडला. पुण्यात असलेल्या मुलांना परत जायला देश उरला नाही, आणि कोविडमुळे घरी गेलेली मुलं तिकडेच अडकली, कारण २५ ऑगस्टला भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द ठरवले. सुरक्षेचं कारण होतं, ते समजतं. पण आपणच ज्यांना निवडून, पैसे देऊन शिकवत होतो त्यांच्यासाठी वेगळी खिडकी ठेवता आली असती असं मला आजही वाटतं. अर्धवट डिग्री हा कोड अर्धवट कंपाईल होण्यासारखा प्रकार आहे, त्याचा निम्माही उपयोग होत नाही.

माझा मित्र आता हॅम्बुर्गमध्ये आहे. एका लॉजिस्टिक्स कंपनीत डेटाबेस सांभाळतो. फी भारत सरकारची, पदवी पुण्याची, कर भरतो जर्मनीला. पवईच्या सत्तावीस फेलोशिपचं आठवतंय ना?

ऑफिसात जेवताना हा विषय काढला तर एका सहकाऱ्याने फाडकन विचारलं, आपल्या पोरांचं काय? प्रश्न फालतू नाही. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. पंचाहत्तर, अख्ख्या राज्यात. आणि एकट्या अफगाणिस्तानला हजार. परदेशात एका मुलाचा खर्च इथल्या खर्चाच्या कित्येक पट असतो आणि दोन्हीचे खिसे वेगळे आहेत, केंद्राचं परराष्ट्र खातं वेगळं नि राज्याचं समाजकल्याण वेगळं, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर ७५ हा आकडा मलाही पटत नाही. पण तो वाढवायचा मार्ग हजारातून कापण्याचा आहे असं मला वाटत नाही. आपली मुलं फुलब्राइटवर जातात, जर्मनीच्या पैशावर जातात, तेव्हा तिथल्याही कुठल्यातरी कँटीनमध्ये कुणीतरी हेच विचारत असणार. फुलब्राइटमध्ये २००८ पासून भारत अमेरिकेच्या बरोबरीने पैसे घालतो आणि तिला नेहरूंचं नाव जोडलंय, हे त्यातल्या त्यात बरं केलं.

काबूलची गोष्ट इथे थांबली असं मात्र नाही. २० डिसेंबर २०२२ ला तालिबानने मुलींना विद्यापीठात जायला बंदी केली. त्यानंतर, २०२३ पासून, आयसीसीआरने अफगाण विद्यार्थ्यांसाठी भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्त्या काढल्या, वर्षाला १०००. व्हिसा नको, विमान नको, कोंढव्यातला फ्लॅट नको. भारताने संयुक्त राष्ट्रांत दिलेल्या माहितीनुसार त्यात सुमारे ६०० मुली आहेत. मित्राला मेसेज करून विचारलं, तुझ्या त्या बहिणीचं काय? इंग्रजी क्लासवाली? तिचं वय आता तेवीस. ती अर्ज भरतेय म्हणाला, फक्त वीज रात्री अकरानंतर येते, त्यामुळे फॉर्मची पानं मोबाईलवर एकेक करून सेव्ह करते.